तिसरा दिवस

चौथा महिना, १७७८. तारीख १, चौथा दिवस.

ओढ्याच्या वरच्या उतारावर, जिथे पाण्यातून पलीकडे जाता येतं, पाणी तीन फूट तीन इंच. काल तीन फूट चार होतं. खुणेची काठी थोडी कलली होती, ती ओळंबा लावून सरळ केली आणि मगच मोजलं.

बाबाच्या डोळ्यांवरचा पडदा वाढला आहे. आज नकाशावर बोट ठेवून तो म्हणाला, "टेसी, ही रेघ ओली आहे की वाळली?" रेघ परवाची होती. आता मोजणी मी करते, गणित मी करते, नकाशा मी काढते. सही तो करतो, कुठे करायची ते मी बोट धरून दाखवते. सगळ्या पंचक्रोशीला हे माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

माझा भाऊ ॲबनर ओढ्याच्या पलीकडे, दगडी गिरणीवर आहे. इथून दीड मैल. राजाविरुद्ध उठलेल्या गॅलब्रेथच्या तुकडीत वीस जण आहेत. दरीतल्या छावणीसाठी जमवलेलं पीठ ते राखतात. खालचा पूल त्यांनी तोडला, त्यामुळे या बाजूने तिकडे जायला वरचा उतार तेवढा उरला. गेल्या महिन्यात आमच्या क्वेकर सभेने, बंदूक हाती घेतली म्हणून ॲबनरला समाजाबाहेर केल्याचा कागद वाचून दाखवला. मी बाकावर बसून ऐकला. तो वाचायला चार मिनिटं लागली. त्याला एकोणीस वर्षं पूर्ण व्हायला अजून सात आठवडे आहेत.

तारीख ४, सातवा दिवस.

पाणी तीन फूट.

दुपारी एक माणूस आला. नाव हार्ग्रीव्ह, इंग्लंडचा, शहरात राजाच्या फौजेच्या गाड्यांचा कारभार बघतो. म्हणाला, गवत हवं आहे, रस्ते दाखवा. मी बाबाचा जुना नकाशा पुढे ठेवला. इतर लोक नकाशावर कोपर टेकून बोलतात. त्याने हात पुसले, कागदाच्या कडेला धरून बघितलं आणि विचारलं, "ही मोजणी कोणाची?"

"वडिलांची."

"आणि ही दुरुस्ती? इथे शाई वेगळी आहे."

"माझी."

"वडिलांपेक्षा तुमचा हात बारीक आहे," तो म्हणाला.

मी त्याला 'तू' म्हटल्यावर तो जरा दचकला, मग हसला. "क्वेकर माणसं राजालाही अरे-तुरे करतात म्हणे?"

"राजा इथे कधी आला नाही," मी म्हटलं.

जाताना त्याने पांढऱ्या कागदाचे बारा ताव ठेवले. दोन वर्षांत मी असा कागद पाहिला नव्हता. त्याला खोकला आहे. ब्रिस्टलला त्याची मुलगी आहे, सहा वर्षांची, तिला नकाशांचं वेड आहे. हे सगळं इथे लिहायची गरज नव्हती.

तारीख ९, पाचवा दिवस.

पाणी दोन फूट आठ. रोज पाऊण इंच उतरतं आहे. पाऊस नाही.

हार्ग्रीव्ह पुन्हा आला. या वेळी नकाशा मागितला नाही, सरळ विचारलं, "वरच्या उतारावर मंगळवारी पहाटे किती पाणी असेल?"

आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नाही. वारांना जुन्या खोट्या देवांची नावं आहेत, आणि हा तर लढाईच्या देवाचा. आम्ही मोजतो. लोकांचा रविवार तो आमचा पहिला दिवस, सोमवार दुसरा, आणि तो म्हणाला तो तिसरा. लहानपणी ॲबनर माझ्या मागे लागायचा, "म्हण ना टेसी, एकदाच म्हण, बघ वीज पडते का." मी कधी म्हटलं नाही. तो गोठ्यात जाऊन सातही नावं मोठ्याने म्हणायचा आणि वीज पडली नाही म्हणून हिरमुसून परत यायचा.

मी कागदावर पाण्याची घट मांडून गणित केलं. "दोन फूट चार इंच. पाऊस झाला नाही तर."

"तळ?"

"खडक. मधे बारा फूट वाळू."

"भरलेली गाडी जाईल?"

"अडीच फुटांखाली जाते."

"जाताना हलक्या असतील. येताना जड." हे म्हणून तो थांबला, जणू एक वाक्य जास्त झालं. मग विचारलं, "आणि काठ चाळीस घोडी एकदम चढतील एवढा पक्का आहे?"

मी म्हटलं, डाव्या बाजूने आहे. खरं होतं ते सांगितलं. माझ्या अक्षरातला आकड्यांचा कागद घडी करून त्याने खिशात ठेवला.

तो गेल्यावर मी नकाशा पुन्हा उघडला. पलीकडे गवत नाही. पलीकडे गिरणी आहे.

तारीख १०, सहावा दिवस.

झोप कमी झाली. पाणी पाहायला गेले नाही.

मी मांडून बघितलं. पाण्याची खोली ही कोणाच्याही बाजूची नसते. ती विचारणाऱ्या कोणालाही मी सांगितली असती. पण एका बाजूला खोली कळली आणि दुसऱ्या बाजूला दिवस कळला नाही, तर मोजणीच्या साखळीचं एक टोक कोणीच न धरल्यासारखं होतं. मी शस्त्र देत नाही. कोणाला लढ म्हणत नाही. माझ्या भावाने तिथे नसावं एवढंच मला हवं आहे.

सकाळी पोलोनी अंडी घेऊन आली. तुकडीलाही तीच अंडी पोचवते. जर्मन बाई, साठीची, दोन्ही फौजांना शिव्या घालते आणि दोन्ही फौजांना अंडी देते. तिच्याजवळ चिठ्ठी दिली.

"प्रेमपत्र?" ती म्हणाली.

"भावाला आहे."

"मग त्यात काय मजा! आण इकडे. टोपलीच्या तळाशी घालते. वर अंडी असली की कोणी हात घालत नाही, सगळे पुरुष घाबरट."

चिठ्ठी अशी: "वरच्या उतारावर तिसऱ्या दिवशी पहाटे गाड्या आणि चाळीस स्वार. पाणी दोन फूट चार इंच. तू तिथे थांबू नकोस." सही केली नाही. तीन वेळा वाचली. एकही शब्द जास्त नाही, एकही चूक नाही.

तारीख ११, सातवा दिवस.

पोलोनी सांगून गेली की ॲबनर कालच पीठ घेऊन दरीतल्या छावणीला गेला, उद्या संध्याकाळी येईल. म्हणून तिने चिठ्ठी गॅलब्रेथच्या हातात दिली.

"त्याच्या हातात? पोलोनी, ती ॲबनरला होती."

"अगं पोरी, चाळीस स्वारांची चिठ्ठी मी माझ्या कोंबड्यांना वाचून दाखवू? कॅप्टन आहे तो. निदान मिशा तरी कॅप्टनच्या आहेत."

म्हणजे तिने ती वाचली. हे मला सुचायला हवं होतं.

गॅलब्रेथ कातडी कमावतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या आणि शेजाऱ्याच्या हद्दीची मोजणी मी केली होती, आणि चार फूट त्याच्या विरुद्ध निघाले होते. तेव्हापासून तो मला रस्त्यात ओळख देत नाही. आता त्याच्या हातात माझा कागद आहे. तो माणसं घेऊन उतारावर लढायला जाईल, ॲबनरलाही नेईल. मी भावाला बाजूला काढायला निघाले होते आणि त्याला मधोमध नेऊन ठेवलं. आज दिवसभर मनात हेच आहे. जेवताना मीठ दोनदा घातलं.

बाबाने विचारलं, "पाणी किती?" मी म्हटलं, पाहिलं नाही. तो मान माझ्याकडे वळवून बसून राहिला.

तारीख १२, पहिला दिवस.

पाणी दोन फूट सहा.

बाबाला घेऊन सभेला जाताना गॅलब्रेथची माणसं उताराकडून परतताना दिसली. पंधराएक जण, गुडघ्यापर्यंत चिखल, बंदुका खांद्यावर आडव्यातिडव्या. पहाटेपासून दवात पडून राहिल्यासारखे दिसत होते. कवायत असावी. त्यांच्यातला नेड कार, ज्याच्या गाडीचं चाक आमच्या अंगणात नेहमी निखळतं, मोठ्याने म्हणाला, "काय क्वेकरीणबाई, झोप छान झाली ना? आमची नाही झाली!" बाकीचे हसले. गॅलब्रेथ हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

बाबा म्हणाला, "तो असं का म्हणाला?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

सभेत दोन तास शांत बसलो. कोणालाच बोलावंसं वाटलं नाही. मी मात्र मनात गुणाकार करत होते. चाळीस घोडी, चाराच्या रांगा, दहा रांगा, उतार ओलांडायला साडेतीन मिनिटं. अजून दोन दिवस आहेत. तोवर गॅलब्रेथ काय करणार ते कळलं पाहिजे.

तारीख १३, दुसरा दिवस. दुपार.

पाणी दोन फूट पाच.

पोलोनी आत्ता गेली. ती आली ती हसतच. "पोरी, तू त्या कॅप्टनचं हसं केलंस बघ! काल पहाटे सगळे तिथे झुडपात बेडकांसारखे बसले. स्वार नाही, गाडी नाही, एक गाय आली पाणी प्यायला. नेडने तिला हुकूम सोडला, थांब, कोण आहेस!"

"काल? काल का?"

"तूच तर लिहिलंस. तिसऱ्या दिवशी. शुक्रवारी चिठ्ठी मिळाली, शुक्र, शनि, रवि. बोटावर मोजून दाखवलं त्याने सगळ्यांना."

पोलोनी पुढे बोलतच होती. गॅलब्रेथ म्हणाला, क्वेकर सगळे आतून राजाचेच, मुद्दाम खोटी बातमी दिली. अर्धी तुकडी पेरणीला घरी पाठवली. गिरणीवर आता नऊच जण. आणि ॲबनर काल संध्याकाळी परतला, तर त्याला शिक्षा म्हणून एकट्याला उतारावर बसवलं आहे, बुधवारपर्यंत. "म्हणाला, बस तिथे, तुझ्या बहिणीच्या भुतांची वाट बघ."

तीन वेळा वाचली होती मी ती चिठ्ठी.

घोडीवर खोगीर घालते.

संध्याकाळ.

जसं झालं तसं लिहिते.

उतारावर घोडी पोटापर्यंतही भिजली नाही. पलीकडच्या ओंडक्यावर ॲबनर बसला होता, मांडीवर बंदूक, हातात सफरचंद. मला बघून उभा राहिला. "टेसी! तू? बाबाला काही झालं?"

"मी तिसरा दिवस लिहिलं होतं."

"मला सांगितलं की तू रविवार म्हणालीस..." तो थांबला. सफरचंद त्याच्या हातातून पडलं. तो एका क्षणात समजला, कारण तो आमच्याच घरात मोजायला शिकला. "म्हणजे उद्या."

"उद्या पहाटे. चल माझ्याबरोबर."

"पहारा सोडून? मला गोळी घालतील. आणि मी सांगून कोण ऐकणार? म्हणतील, बहिणीची लाज राखतोय." त्याने घोडीचा लगाम धरला. "तू जा त्याच्याकडे. तुझं ऐकेल."

"तो माझं तोंड बघत नाही."

"म्हणूनच ऐकेल," ॲबनर म्हणाला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

गॅलब्रेथ गिरणीच्या दाराशी बूट पुसत होता. मी म्हटलं, "ह्यू गॅलब्रेथ, तू चिठ्ठी चुकीची वाचलीस."

"कॅप्टन गॅलब्रेथ. आणि 'तुम्ही' म्हणायला शिका, बाई. मी तुमच्या गोठ्यातला गडी नाही."

"आमच्यात सगळ्यांना एकच शब्द आहे. तिसरा दिवस म्हणजे आठवड्याचा तिसरा. तो उद्या आहे."

"असं होय." त्याने बूट खाली ठेवला. "काल पहाटे स्वार येणार होते. ते आले नाहीत. आता उद्या येणार. उद्या आले नाहीत तर तुमच्याकडे चौथा दिवस असेल, पाचवा असेल. आणि तोवर माझ्या माणसांची पेरणी राहील. शहरातला तो गाडीवाला तुमच्या घरी दोनदा आला होता. पांढरे कागद देऊन गेला. मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला?"

कागदाचं खरं होतं.

"बायबलवर हात ठेवा आणि शपथ घ्या."

"आम्ही शपथ घेत नाही. घेतली तर त्याचा अर्थ असा, की एरवी आम्ही खोटं बोलतो."

दारातून नेड कार म्हणाला, "कॅप्टन, जाऊ द्या हो. आता गायीलाच साक्षीला बोलवू."

गॅलब्रेथने त्याला हाताने गप्प केलं. मग मला म्हणाला, "बरं. तुमचा शब्द नको मला. त्याचा सांगा. त्या इंग्रजाने कुठला वार सांगितला? त्याच्या तोंडचा शब्द, जसाच्या तसा. मोजणीचा आकडा सांगता तसा."

मोजणीत समोर जे दिसतं ते लिहायचं. खुणेचा दगड चुकीच्या जागी असेल, तरी तो जिथे आहे तिथेच दाखवायचा. बाबाने मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं.

"मंगळवार," मी म्हटलं. "तो म्हणाला, मंगळवारी पहाटे."

कोणी हसलं नाही. गॅलब्रेथने माझ्याकडे बघितलं. त्याची आई आमच्या शेजारी वीस वर्षं राहिली, त्याला आम्ही माहीत आहोत.

"त्या चार फुटांच्या वेळी," तो म्हणाला, "मी तुमच्या बापाला गाठून म्हटलं होतं, पुन्हा मोजा. तो म्हणाला, पोरीने दोनदा मोजलंय, तिसऱ्यांदा तेच निघेल. मी स्वतः दोरी घेऊन मोजलं, रागाने. चार फूटच निघाले." मग तो आत वळला. "नेड, घंटा वाजव. जितके ऐकतील तितके परत बोलव."

मी म्हटलं, "ॲबनरला उतारावरून काढ."

"बाई, माझ्याकडे नऊ माणसं आहेत. घंटा ऐकून पाच आले तर चौदा. त्यातला एक कमी करू?"

परत येताना ॲबनर पाण्याच्या कडेपर्यंत आला. घंटा वाजत होती. "तू म्हणालीस ना? टेसी, खरं सांग, म्हणालीस?" त्याचा चेहरा गोठ्यातून परत येणाऱ्या ॲबनरचा होता. मी त्याला म्हटलं, गळ्याभोवतीचं फडकं नीट बांध, पहाटे गारठा असतो.

बाबाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पाऊस आला तर?"

आकाश स्वच्छ आहे. माझं गणित बरोबर आहे. ते चुकावं म्हणून आज पहिल्यांदा प्रार्थना केली.

तारीख १४.

पहिला आवाज पाच वाजून अकरा मिनिटांनी. बाबाच्या घड्याळावर. सत्तावीसपर्यंत मोजले. पुढे ते एकमेकांत मिसळले आणि मोजता आले नाहीत. पाच सदतीसला थांबलं.

बाबा दारात उभा आहे. त्याला दिसत नाही, पण तो त्याच दिशेला बघतो आहे.

तारीख १५, चौथा दिवस.

ॲबनर जिवंत आहे. काल दुपारी तो स्वतः चालत आला. डाव्या दंडातून गोळी आरपार गेली आहे, हाडाला लागली नाही. बाबाने हातांनी त्याचा चेहरा, खांदे, दोन्ही हात चाचपले, आणि दुखऱ्या दंडाशी आल्यावर ॲबनर ओरडला, तेव्हा बाबा हसला. मी त्याला कित्येक महिन्यांत हसताना ऐकलं नव्हतं.

सोळा जण जमले होते. गाड्या परत वळल्या. पीठ जागेवर आहे. दोघं गेले. त्यातला एक नेड कार.

मग ॲबनरने खिशातून एक कागद काढला. "बघ, तुझं अक्षर. ज्याच्या खिशात होता तो इंग्रज पुढच्या गाडीवर होता. पाण्यात पडला. आम्ही बाहेर काढला तेव्हा..." तो फुशारकीने सुरू झाला होता, मधेच थांबला. "तू ओळखायचीस त्याला?"

"दोनदा आला होता."

कागद भिजून शाई पसरली आहे, पण आकडे वाचता येतात. दोन फूट चार इंच. तळ खडक. मधे बारा फूट वाळू. ॲबनर म्हणाला, पुढच्या गाडीचं चाक वाळूतच रुतलं. मी वाळू म्हटलं होतं. गाडी तिथे थांबली तर काय, हे त्याने विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

ब्रिस्टल केवढं आहे मला माहीत नाही. मुलीचं नाव विचारलं नव्हतं.

संध्याकाळी काठी पाहायला गेले. मधोमध मोडली आहे. खालचा भाग जागेवर आहे. दोन फूट तीन इंच.

तारीख १९, पहिला दिवस.

सभेनंतर थॉमसिन यार्नल आणि आणखी एक बाई घरी आल्या. दोघी मायाळूपणे बोलल्या. थॉमसिन म्हणाली, "टेसी, तुझा भाऊ वाचला याचा आम्हाला आनंद आहे. पण तू युद्धाला हातभार लावलास, आणि ते नाव सगळ्यांसमोर उच्चारलंस. खेद वाटतो एवढं लिहून दे. सभा ते तिथेच सोडून देईल."

"नाही लिहिलं तर?"

"मग आम्हाला तुझ्याही नावाचा कागद वाचावा लागेल. मला तो वाचायचा नाही, पोरी."

मी एक ताव घेतला. बारामधले दहा उरले आहेत. लिहिलं: तारीख तेरा रोजी मी एका वाराचं नाव घेतलं. पुढचं वाक्य त्यांना हवं होतं तसं होईना. त्या नावाचा मला खेद नाही. ते बरोबर ऐकलं गेलं. खेद आहे तो दहा तारखेच्या चिठ्ठीचा, जिच्यात एकही चूक नव्हती. आणि नऊ तारखेच्या कागदाचा, जो तिच्याहूनही अचूक होता. हे लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. थॉमसिनने दोनदा वाचलं.

"आम्ही हे मागितलं नव्हतं," ती म्हणाली.

"माझ्याकडे हेच आहे."

तिने कागद घडी करून नेला. बाबा म्हणाला, किती मिनिटं लागतील वाचायला? मी म्हटलं, ॲबनरच्या कागदापेक्षा कमी.

त्या जाताच नेड कारची बायको आली. अंगणात उभी राहिली, आत आली नाही. दिराने जमिनीवर हक्क सांगितला आहे, तिला हद्द मोजून हवी आहे. माझ्याकडे बघताना तिच्या मनात काय होतं ते मला वाचता आलं नाही. मी तिला बसायलाही सांगितलं नाही, ते आत्ता लक्षात येतं आहे.

"कधी येशील?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. दोन्ही शब्द समोर होते, आमचा आणि त्यांचा.

"परवा," मी म्हटलं. मग चुकू नये म्हणून तारीखही सांगितली, एकवीस. आणि ती तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतली.